मिरकरवाड्याच्या धक्क्यावरची चाचणी

मासेमारी नौकांसाठी रेडिओ आणि कंदील एकत्र असलेले हातात मावणारे उपकरण तयार करण्याचे काम तीन कंपन्यांनी वाटून घेतले होते: बाह्यरूप आणि कवच आमच्या पुण्यातील डिझाइन स्टुडिओकडे, सर्किट एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडे आणि साचे तिसऱ्या कंपनीकडे. नमुना आयपी६७ च्या कसोटीला, म्हणजे १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवण्याच्या चाचणीला, उतरला होता. बटणांसाठी भोके नकोत म्हणून त्यावर स्पर्शाने चालणारी सपाट पट्टी होती.

पावसाळी मासेमारीबंदी संपल्यावर आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर तो एका तांडेलांच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखांच्या, हाती दिला. त्यांचे हात समुद्राच्या पाण्याने ओले होते. कंदील आपोआप विझू-पेटू लागला आणि रेडिओचा आवाज कोणी न वाढवताच वाढला. पट्टी पुसली की सारे सुरळीत चाले, ओला हात लागला की पुन्हा तेच. अशी पट्टी बोटामुळे विद्युतधारितेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा बदल ओळखते. खारे पाणी उत्तम विद्युतवाहक असल्याने त्याचा थर शेजारच्या खुणांवर पसरला की बोट कोणते आणि पाणी कोणते, हे सर्किटला कळत नाही.

खरा पेच त्यानंतरचा होता. बटणे घ्यायची तर भोके आली, आणि पाणी शिरल्यास जबाबदारी कोणाची? करारानुसार सर्किटची कड इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची, कवचाची आतली भिंत आमची. भोकांतून पाणी शिरू न देणारे रबरी आवरण नेमके या दोहोंमधल्या, कोणाच्याच नसलेल्या फटीत बसणार होते. कंपन्यांच्या सहकार्यातले बहुतेक दोष अशाच जागी राहतात, असे माझे ठाम मत आहे. ब्राउन या जर्मन कंपनीच्या १९५६ च्या एसके४ रेडिओ-ग्रामोफोनचे पत्र्याचे झाकण आवाज वाढताच थरथरू लागले, तेव्हा ते पारदर्शक अॅक्रिलिकचे केले गेले. ध्वनी आणि रूप या दोन्ही बाजूंचा विचार तिथे एकाच भागात करावा लागला होता.

साचेवाल्या अभियंत्याने तिथेच सुचवले की बटणे आणि सील मिळून सिलिकॉनचा एकच अखंड भाग ओतावा. तांडेलांनी त्यात भर घातली: अंधारात चाचपून कळावे म्हणून कंदिलाचे बटण इतरांपेक्षा उंच हवे. उंची किती, यावर मात्र बराच वेळ वाद झाला, कारण उंच बटण जाळ्यात अडकते. शेवटी त्याभोवती कवचाचीच कड उचलून घेतली. त्या भागाच्या आराखड्यावर आम्ही तिन्ही कंपन्यांनी सह्या केल्या. चार्जिंगच्या सॉकेटचा प्रश्न याच पद्धतीने सोडवायचा आहे.