साडेतीन महिन्यांची नोकरी

हिंजवडीतील एका कंपनीत मी जेमतेम साडेतीन महिने काढले. पगार वेळेवर होत नसे आणि चूक कोणाचीही असली तरी सर्वांसमक्ष साहेबांची बोलणी खावी लागत, म्हणून दुसरी नोकरी हाती नसतानाही मी राजीनामा दिला. हा काळ बायोडेटातून गाळून टाक, असे अनेकांनी सुचवले आणि तो मोह मलाही झाला.

परंतु भविष्य निर्वाह निधीचा १२ अंकी यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि त्याच्या सेवा-इतिहासात प्रत्येक ठिकाणी रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख दिसते. नवी कंपनी करते त्या पडताळणीत ही नोंद पाहिली जाऊ शकते. माझी सोडल्याची तारीख कंपनीने भरलीच नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर २ महिने उलटल्यावर ती सदस्याला स्वतः निधीच्या पोर्टलवर, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपी वापरून भरता येते, हे कळताच मी ते काम आधी उरकले. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे कंपनीचे पत्र, मिळाले नव्हते, म्हणून राजीनाम्याचा ईमेल, त्याची पोच आणि पगाराच्या स्लिपा एका फाइलीत लावून ठेवल्या.

मुलाखतीत प्रश्न आलाच. “काम ठरल्याप्रमाणे नव्हते आणि पगार अनियमित होता, म्हणून रीतसर नोटीस देऊन बाहेर पडलो,” एवढेच मी सांगितले; साहेबांचा विषय काढला नाही, आणि तेच योग्य होते असे मला मनापासून वाटते. समोरच्या बाईंनी फाइल चाळली, पेन खाली ठेवले आणि तिथे मी नेमके कोणते काम केले, ते विचारले.