तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या का देता?

"एवढ्याशा पोराला डोक्याच्या गोळ्या?" नणंदेनं विचारून झालं, खालच्या काकूंनी विचारून झालं, औषधाच्या दुकानात माझ्यामागे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनीही विचारलं. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: "मोठा झाला की होईल आपोआप शांत. आमचा नव्हता का तसाच!" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

मुलगा दहा वर्षांचा आहे. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, स्वतःला आवरता येत नाही. जोडीला रागाचे झटके. वर्गातून उठून जाणं, जिन्यातल्या मारामाऱ्या हे सगळं तुम्ही पाहिलंय. पुन्हा सांगत नाही.

गोळ्यांच्या सगळ्यात विरोधात मीच होते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती दीड वर्ष कपाटात साड्यांखाली पडून होती. तोवर ब्राह्मी झाली, मोबाइल बंद झाला, संध्याकाळी दोन तास मैदानावर दमवून झालं. मीठमोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईनं. आपल्या घरात प्रेम आहे, शिस्त आहे, आपल्याला असल्या गोष्टींची गरज नाही, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगायची. त्या बाईचा आज राग येतो. पण ती अगदीच चूक होती असंही म्हणवत नाही.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. नवरा गावाला. चकल्या चालल्या होत्या. सोऱ्या फिरवायची पाळी कोणाची यावरून दोघांचं वाजलं. मी म्हटलं, आता ताईची पाळी. ताई म्हणजे त्याची सहा वर्षांची बहीण, आम्ही तिला तसंच म्हणतो. पुढचं सेकंदभरात झालं. पितळी सोऱ्या, आत पीठ भरलेला, तिच्या भुवईवर. मी आधी गॅस बंद केला. मग त्याला दोन सणसणीत ठेवून दिल्या. खरं म्हणजे दोन नव्हेत, मोजल्या नाहीत. दंडाला धरून बाथरूममध्ये ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

आतून तो एकच विचारत होता, "तिचं रक्त थांबलं का?" मी उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही.

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. परत येताना तिला पेढा घेतला, दुकानात सुट्ट्या पैशांवरून हुज्जतही घातली. जिन्यात चावी काढताना आठवलं. सव्वा तास झाला होता.

कडी काढली. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता. रडत नव्हता. उजवी मूठ आवळलेली. उघडायला लावली तर आत चकलीचं पीठ, वाळून बोटांना चिकटलेलं. समोर नळ होता, त्यानं हात धुतला नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये मी शाळेत भांडून आले होते. बाईंनी त्याला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं म्हणून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची झेरॉक्स घेऊन गेले होते. कलम 17: मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही. पिवळ्या पेननं खूण करून हेडबाईंच्या टेबलावर ठेवली होती.

सोमवारी चिठ्ठी काढली. जुनी झाली होती, डॉक्टरांनी नवी लिहून दिली. तर खरं उत्तर हे आहे. तो काय करतो म्हणून गोळी सुरू झाली नाही, मी काय केलं म्हणून झाली. हे डॉक्टरांना सांगितलंय. नणंदेला नाही.

मिथाइलफेनिडेट असं औषधाचं नाव आहे. दुकानदार चिठ्ठीची एक प्रत ठेवून घेतो, कायदाच आहे तसा, आणि त्यावरूनच "नशेची गोळी" ही कुजबुज सुरू झाली असावी. त्या गोळीनं मुलगा गुंगत नाही. सकाळची गोळी दुपारपर्यंत त्याला हातातल्या गोष्टीवर टिकवून धरते, एवढंच. भूक मात्र मारते. डबा जसाच्या तसा परत येतो आणि रात्री साडेनऊला साहेबांना वरणभात हवा असतो. दर खेपेला डॉक्टर वजन, उंची, रक्तदाब बघतात. मागच्या खेपेला वजन तेवढंच भरलं, तर मी चार रात्री झोपले नाही. राग गेलेला नाही. त्यासाठी दर बुधवारी समुपदेशक आहेत, त्याला आणि मलाही.

गोळी नसती तर आपण सुधारलो असतो का? कधी वाटतं, मी स्वतःला आवरायचं सोडून त्याला आवरलं. कधी वाटतं, हा विचार करायला आता वेळ मिळतो तोही गोळीमुळेच. चष्मा लागलेल्या पोराच्या आईला कुणी असं विचारत नाही, हे वाक्य मी बरेच दिवस तयार ठेवलं होतं. पण चष्म्यानं भूक जात नाही, म्हणून ते वापरत नाही.

बाथरूमची बाहेरची कडी नवऱ्यानं काढून टाकली. का, ते त्यानं विचारलं नाही, मुलीनं सांगितलं असेल.

यंदा चकल्या विकत आणाव्यात असं मी म्हणतेय. तो म्हणतो घरीच करायच्या, आणि सोऱ्या पहिल्यांदा तोच फिरवणार. अजून ठरलेलं नाही.