हँडीवरून सॅटेलाइट, लातूर : माझाच आवाज कानात परत आला

मंगळवारी संध्याकाळी एसओ-५० या हॅम (हौशी) रेडिओच्या उपग्रहाच्या पासमध्ये, म्हणजे तो आपल्या आभाळातून जात असतो त्या काही मिनिटांत, हँडीवर (हातातल्या वॉकीटॉकीवर) बोलताना माझाच कॉलसाइन (हॅमचं रेडिओवरचं नाव) माझ्या कानात स्वच्छ परत आला. बटण दाबलेलं, तोंडातून शब्द निघतोय, आणि तोच शब्द सहा-सातशे किलोमीटर वर जाऊन दुसऱ्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) खाली हेडफोनमध्ये पडतोय. उपग्रह डोक्यावर असला की जाऊन येऊन जेमतेम पाच मिलिसेकंद, त्यामुळे बोलताना अडखळायलाही होत नाही. चौदा महिने याच्याच मागे होतो. त्या पासमध्ये बेंगळुरू आणि कोलंबो अशी दोन स्टेशनं लॉगमध्ये उतरली, पण मला खरा आनंद झाला तो त्या परत आलेल्या आवाजाचा.

नवीन मंडळींसाठी थोडं मागून सांगतो. एसओ-५० हा २० डिसेंबर २००२ ला वर गेलेला सौदी अरेबियाचा छोटा उपग्रह. १४५.८५० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन (आवाजाखाली सतत जाणारा सूर) लावून बोलायचं, ४३६.७९५ वर ऐकायचं. तो झोपलेला असेल तर आधी ७४.४ हर्ट्झच्या टोनने दोन सेकंद कॅरिअर (न बोलता नुसती लहर) द्यायचा, म्हणजे त्याचा दहा मिनिटांचा टायमर सुरू होतो. डॉपलरमुळे, म्हणजे उपग्रह वेगाने जवळ येतो आणि लांब जातो म्हणून, खाली येणारी फ्रिक्वेन्सी पासच्या सुरुवातीला जवळपास १० किलोहर्ट्झ वर असते आणि शेवटी तेवढीच खाली. म्हणून ४३६.८०५ पासून ४३६.७८५ पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झच्या पाच मेमरी भरून ठेवल्या आहेत. वर पाठवायच्या बाजूला काही हलवावं लागत नाही, दोन मीटरवर (१४५ मेगाहर्ट्झच्या बँडवर) डॉपलर तीन-साडेतीन किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही आणि एफएम तेवढं पोटात घालतं.

पहिले सहा महिने एकाच हँडीवर काढले. बोला, बटण सोडा, मग ऐका. आपण वर पोचलो की नाही हे कळतच नाही. उपग्रहातल्या रिपीटरमधून (ऐकलेलं लगेच परत पाठवणाऱ्या सेटमधून) एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, त्यामुळे न ऐकता बोललं की दुसऱ्याचा चाललेला क्यूएसओ (संभाषण) मोडतो. माझ्याकडून तसं झालेलं आहे, आणि एका ज्येष्ठ हॅमने शांतपणे सांगितलं, "आधी ऐकायची सोय कर, पॉवरचं नंतर बघू." तोच सल्ला मी आज पुढे देतोय. दोन मीटरवर बोलत असतानाच सत्तर सेंटिमीटरवर (४३६ मेगाहर्ट्झच्या बँडवर) ऐकू शकणाऱ्या हँडी फार थोड्या आहेत आणि महागही आहेत. दोन साध्या हँडी घेतल्या तर तेच काम होतं.

पण दुसरी हँडी घेतली आणि पहिल्याच पासला अडलो. बटण दाबलं की ऐकणारी हँडी बहिरी. नुसती खरखर. कारण गणितात आहे: १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५०, म्हणजे आपला तिसरा हार्मोनिक (सोबत नकळत निघणारी तिप्पट फ्रिक्वेन्सी) ऐकायच्या फ्रिक्वेन्सीपासून साडेसातशे किलोहर्ट्झवर येऊन बसतो. स्वस्त रिसीव्हरला तो झेपत नाही. (आयएसएसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या, रिपीटरला तर आणखी कठीण. १४५.९९० वर बोलायचं, ४३७.८०० वर ऐकायचं. तिप्पट होते ४३७.९७०. अंतर फक्त १७० किलोहर्ट्झ. जोडणी खरोखर जमली का हे पाहायचं असेल तर आयएसएसचा पास घ्या.)

यावर तीन गोष्टी केल्या. बोलणाऱ्या हँडीच्या पुढे दोन कॉइल आणि तीन कपॅसिटरचा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावला. एकाच लाकडी पट्टीवर दोन मीटरचे तीन आणि सत्तर सेंटिमीटरचे पाच एलिमेंट (अँटेनाच्या दांड्या) एकमेकांना काटकोनात बसवले, दोघांची केबल वेगळी. आणि ऐकणारी हँडी पट्टीवरून काढून कमरेच्या मागे अडकवली. तपासायला मित्राला दोन गल्ल्या पलीकडे कमी पॉवरवर, डमी लोड (अँटेनाऐवजी रेझिस्टर) लावून उभं केलं. मी बटण दाबल्यावर त्याचा आवाज बुडतो का, एवढंच बघायचं. चौथ्या रविवारी बुडायचा थांबला.

आता ऑडिओ. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि याबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही.

हेडफोन का लागतो? ऐकणाऱ्या हँडीचा स्पीकर उघडा ठेवला तर आपलाच परत आलेला आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. उपग्रहावरच्या सगळ्यांना ती ऐकू जाते. शिवाय स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा ठेवून पास घ्यायचा असतो. उपग्रह क्षितिजावर आला की कानातली खरखर हळूहळू पातळ होत जाते, शब्द त्यानंतर येतात. त्या पातळ होण्यावरून अँटेना कुठे वळवायची, मनगट किती फिरवायचं ते कळतं. स्पीकरवर, शेतातल्या वाऱ्यात, हा फरक कानाला लागत नाही.

माझ्या दोन्ही हँडींना दोन पिनांचं सॉकेट आहे. बारीक २.५ मिलिमीटरच्या पिनेवर स्पीकर, ३.५ च्या पिनेवर माइक. साधा स्टीरिओ हेडफोन जोडला की एकाच कानात आवाज येतो, कारण हँडी मोनो आहे. जोडवायरमध्ये टिप आणि रिंग (पिनेचं टोक आणि मधलं कडं) एकत्र सोल्डर केली की दोन्ही कान चालू. स्पीकरचा आवाज हेडफोनला फार होतो, म्हणून मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकला. त्यामुळे व्हॉल्यूमचा नॉब निम्म्यापर्यंत फिरवता येतो, नाहीतर पहिल्या घरातच कान दुखायचे.

बोलणाऱ्या बाजूला हेडफोनच्या दांडीवर माइक, आणि बटण म्हणून दारावरच्या घंटीचं साधं बटण अँटेनाच्या मुठीवर. या सगळ्या जोडण्या एका डबीत असाव्यात म्हणून पुतण्याची जुनी पत्र्याची कंपासपेटी घेतली, भोकं पाडली, दोन्ही सॉकेट नट आवळून बसवली. दिसायला फार छान झाली. पिना लावल्या आणि हँडीचा लाल दिवा लागला. बटणाला हात नाही, तरी ट्रान्समिट चालू. दोन संध्याकाळी मी घंटीचं बटण खोलून बघत बसलो. शेवटी मल्टिमीटर दोन्ही सॉकेटच्या बाहेरच्या कड्यांना लावला, तर तो बीप करतोय. या हँडींमध्ये दोन पिनांचे स्लीव्ह (हीच बाहेरची कडी) एकमेकांना जोडले गेले की पीटीटी (बोलायचं बटण) दाबला जातो, बटणही तेवढंच करतं. माझ्या पत्र्याच्या पेटीने ते दोन स्लीव्ह कायमचे जोडून टाकले होते. दिव्याकडे लक्ष गेलं नसतं तर पूर्ण पासभर मी उपग्रह अडवून बसलो असतो, हे आठवलं की अजून कसंतरी होतं. आता सगळं साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत आहे. कुणी डबी बनवणार असाल तर प्लास्टिकचीच घ्या.

त्यानंतर उरली गुरगुर. पूर्ण पॉवरवर बोललं की माझ्या आवाजाखाली घुरघुरणं जायचं, कारण माइकची वायर अँटेनाच्या अगदी जवळून जात होती. माइकच्या कॅप्सूलवर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला, जुन्या मॉनिटरच्या केबलवरचं फेराइट काढून वायरचे तीन वेढे त्यातून घेतले, आणि वायर रिफ्लेक्टरच्या (अँटेनाच्या सगळ्यात मागच्या दांडीच्या) मागून आणली. आवाज साफ झाला. यातलं नेमकं कशाने काम केलं ते वेगवेगळं करून बघितलं नाही; तिन्ही राहू दिले.

लॉगसाठी छोटा व्हॉइस रेकॉर्डर लावला आहे. एका हातात अँटेना, दुसरा हात मेमरीच्या बटणावर, लिहिणार कशाने? १० किलोओहम आणि १ किलोओहमच्या जोडीने आवाज दहा-अकरा पटीने उतरवून रेकॉर्डरच्या माइक इनपुटला देतो. मंगळवारी बेंगळुरूचा ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा कोड) मी कानाने एमके ९२ ऐकला होता. रात्री रेकॉर्डिंग लावलं तर तो स्पष्ट एमके ८२ म्हणत होता, आणि बेंगळुरू एमके ८२ मध्येच येतं. आपण लातूरवाले एमके ८८.

हे सगळं आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, औशाच्या रस्त्याला. शहरातल्या गच्चीवरून टाक्या आणि टॉवर आड येतात; इथे जुन्या घराच्या माळवदावर उभं राहिलं की चारी बाजूंना तूर आणि क्षितिज. मंगळवारी काका कडबा टाकून वर आले. "काय रं, कुणाला हुडकायलास आभाळात?" मी एका कानाचा हेडफोन त्यांच्या कानाला लावला. तेव्हाच कोलंबोच्या ताई आपला ग्रिड सांगत होत्या.

"ही बाई कुठून बोलायलीय?"

"श्रीलंकेतून, काका."

ते काहीच बोलले नाहीत. पास संपेपर्यंत हेडफोन मात्र सोडला नाही, उपग्रह उत्तरेला बुडून पुन्हा खरखर सुरू झाली तरी ऐकत उभे. खाली उतरताना म्हणाले, किल्लारीच्या वेळी असेच रेडिओवाले आले होते. १९९३ च्या भूकंपात हॅम मंडळींनी इथे संपर्काचं काम केलं, ते मी वाचलेलं होतं. घरातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं काम आयओ-८६. इंडोनेशियाचा हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली आहे, त्यामुळे लातूरहून तो कायम दक्षिणेला, आणि क्षितिजापासून फार तर १८ अंशांपर्यंत चढतो. वर १४५.८८०, टोन ८८.५, खाली ४३५.८८०. मला जकार्ता गाठायचं आहे, इथून सुमारे ४,३०० किलोमीटर. हिशेब केला तर दोघांच्या मध्यावर उपग्रह असताना तो मला जेमतेम सहा अंशांवर दिसेल. आखाड्यावर आग्नेयेला एक चिंच आहे, ती नेमकी तिथेच येते. म्हणून या शनिवारी अँटेना, साबणाची डबी आणि दोन्ही हँडी घेऊन बांधाच्या पलीकडच्या टेकाडावर जाऊन बघतो. त्या बाजूला कुणाचे पास जुळत असतील तर कळवा. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).