स्टेअरिंग हलकं पाहिजे, पण कधी?

गाडी गॅरेजला लागली की ड्रायव्हरची मागणी ठरलेली : "मिस्त्री, स्टेअरिंग एकदम फुलासारखं करून द्या." मार्केट यार्डात लोड गाडी मागेपुढे करताना त्याचं बरोबरच आहे. पुढच्या एक्सलवर सहा-सात टन वजन आणि टायर जागच्या जागी घासतायत. पण तेच फुलासारखं स्टेअरिंग हायवेला ८० च्या स्पीडला हातात घेऊन बघा. शिंक आली तरी गाडी लेन सोडेल.

आपल्याकडच्या साध्या पॉवर स्टेअरिंगला गाडी किती वेगात आहे याचा पत्ताच नसतो. स्टेअरिंगच्या दांड्याखाली बसवलेल्या स्टेअरिंग बॉक्सच्या आत टॉर्शन बार म्हणून एक बारीक पोलादी दांडी असते. स्टेअरिंग फिरवलं आणि टायरनी अडवलं की ती जराशी पिळते, तेवढ्या पिळानं व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं ऑईल पिस्टनच्या एका बाजूला जातं. जोर लागला की दाब १५० बारच्या घरात चढतो. पिस्टन बॉक्समधून बाहेर येणारा दांडा, म्हणजे सेक्टर शाफ्ट फिरवतो, त्याला ड्रॉप आर्म, पुढे ड्रॅग लिंक, असा दांड्या-दांड्यांनी जोर चाकापर्यंत जातो. जेवढा पीळ तेवढी मदत, बाकी हिशेब नाही. त्यामुळे कंपनीला मधलं काहीतरी धरावं लागतं : यार्डात चालेल आणि हायवेला घात करणार नाही असं.

हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा. तो ह्यूस्टनला असतो, नव्वदच्या दशकातली एक पिकअप बाळगून आहे (तिकडे तिला ट्रकच म्हणतात). मध्यंतरी फोन आला. "मामा, हायवेला स्टेअरिंग मध्येच झटकन हलकं होतं आणि परत जड. बॉक्स गेला का?"

बॉक्स नव्हता गेला. तशा काही गाड्यांमध्ये पंपाच्या तोंडाशी सोलेनॉइडचा, म्हणजे करंटनं चालणाऱ्या चुंबकाचा, एक व्हॉल्व्ह असतो. कंट्रोलर स्पीड सेन्सरकडून वेग घेतो आणि वेग वाढेल तसा सोलेनॉइडला करंट वाढवतो. ऑईलची वाट अरुंद होते, मदत कमी, स्टेअरिंग जड. दुसरा सेन्सर स्टेअरिंगच्या दांड्यावर, किती झपाट्यानं फिरवताय ते बघणारा. समोर अचानक जनावर आलं आणि तुम्ही गर्रकन फिरवलंत, तर वेग कितीही असो, वाट पुन्हा मोकळी होते. हा सेन्सर झिजला की सरळ चालतानाही त्याला वाटतं तुम्ही गर्रकन फिरवताय.

मी त्याला म्हटलं, "सोलेनॉइडचा प्लग काढ आणि चालवून बघ." झटके थांबले. करंट बंद झाला की वाट पूर्ण उघडी राहते, म्हणजे पूर्ण मदत. ज्यानं हे असं ठरवलं त्याला माझा सलाम. तार तुटली तरी स्टेअरिंग दगड होत नाही, फक्त नको तिथे हलकं राहतं. सेन्सर येईपर्यंत दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेव, एवढंच सांगितलं.

मोठ्या ट्रकमध्ये आता वेगळीच तऱ्हा आहे. व्होल्वोनं २०१३ मध्ये आणलेल्या डायनॅमिक स्टेअरिंगमध्ये ऑईलचा बॉक्स तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे. ती मोटर २५ न्यूटन मीटरपर्यंत जोर लावते आणि तो जोर सेकंदाला २,००० वेळा दुरुस्त होतो. यार्डात ती हाताला मदत करते, वेगात स्टेअरिंग धरून ठेवते. खड्ड्याचा दणका किंवा आडवा वारा ड्रायव्हरच्या मनगटापर्यंत येऊ देत नाही. मोटर बंद पडली तरी खाली ऑईल आहेच.

असा बॉक्स माझ्या टेबलावर आला तर खोलायला मी तयार आहे. सील, पिस्टन, व्हॉल्व्ह सगळं ओळखीचं. पण जोडल्यावर मधोमध कुठे आहे हे त्या मोटरला लॅपटॉप लावून सांगावं लागणार, आणि ते काम मी पोराकडे देणार. तोवर स्टेअरिंग जड झालं म्हणून येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न तोच : किंग पिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस शेवटचं कधी मारलंत?