डिसेंबरचा पहिला शनिवार

फिजीच्या राजधानीत, सुवामध्ये, आम्हा मराठी घरांचं एक मंडळ आहे. त्याला पाटी नाही, नोंदणी नाही, लेटरहेडही नाही. कुणी लाउदाला बेच्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये शिकवतं, कुणी बँकेत आहे, कुणी हॉस्पिटलात, कुणी रस्त्या-पुलांच्या कामावर. सगळी माणसं कराराची. तीन वर्षं, फार तर आणखी तीन वाढवून मिळतात. त्यामुळे चेहरे सारखे बदलतात, पण डिसेंबरच्या पहिल्या शनिवारचं आमचं संमेलन आजवर चुकलेलं नाही. मी ते जवळजवळ सुरुवातीपासून पाहत आले आहे, आणि गेली काही वर्षं त्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे.

इथला सणासुदीचा हंगाम दिवाळीपासून सुरू होतो. फिजीत दिवाळीला सरकारी सुट्टी असते, आणि ती फक्त हिंदूंची राहत नाही. ऑफिसांत इतौकेई बायका, म्हणजे इथल्या मूळच्या फिजियन बायका, हौसेनं साड्या नेसून येतात. संध्याकाळी माणसं गाड्या काढून वस्त्यावस्त्यांतून रोषणाई बघत फिरतात. आमचा आकाशकंदील मात्र दरवर्षी पावसाशी झगडतो. सुवात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जिलेटीनच्या कंदिलावर वरून पारदर्शक प्लॅस्टिक चढवायचं, हे नव्यानं आलेल्या प्रत्येक घराला पहिल्याच वर्षी शिकवावं लागतं. फराळात चिवडा कधी जमतो, कधी पोह्यांवाचून अडतो. करंज्या मात्र ओल्या नारळाच्या, आणि त्या इथल्यासारख्या मी पुण्यातही खाल्ल्या नाहीत.

दिवाळीनंतर शाळा संपत येतात. इथलं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं, त्यामुळे नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी एकदमच येते. गुलमोहर डिसेंबरात फुलतो, आंबेही तेव्हाच. आपल्याकडे मे महिन्यात जे जे असतं ते सगळं नाताळाच्या ताऱ्याखाली गोळा होतं, आणि नव्यानं आलेली मुलं पहिल्या वर्षी अगदी हरखून जातात. याच दिवसांत, नोव्हेंबर ते एप्रिल, चक्रीवादळांचाही मोसम असतो. 2012 साली ‘इव्हान’ डिसेंबरच्या मध्यावर आलं, तेव्हा संमेलन होऊन गेलं होतं आणि जी घरं भारतात गेली नव्हती ती सगळी आमच्याकडे जमली होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, बादल्या-पातेली पाण्यानं भरलेली, आणि मुलं मेणबत्तीच्या उजेडात संमेलनातलं नाटुकलं पुन्हा करून दाखवत होती. सुवाला तडाखा पश्चिमेकडच्या नांदी-लाउतोकापेक्षा कमी बसला. ती रात्र एकत्र काढलेली माणसं आज जगभर पांगली आहेत, पण आमचं बोलणं अजून दर रविवारी होतं.

संमेलनाच्या ठरीव गोष्टींबद्दल फार लिहीत नाही. दीपप्रज्वलन होतं, हिशेब वाचला जातो, बक्षिसं वाटली जातात, पाहुण्यांचं भाषण होतं. लहान मुलांची नाच-गाणी होतात, त्यांत शिवाजी महाराजांचा एक तरी प्रवेश असतोच. एखाद्या मावळ्यानं फेट्याखाली बुला शर्ट, म्हणजे इथला फुलाफुलांचा शर्ट, घातलेला असला तरी आम्ही काही म्हणत नाही.

मी ज्याची वर्षभर वाट पाहते ते यानंतर येतं.

सुवाजवळच्या नौसोरीहून एक आजोबा येतात. मुलं त्यांना इथल्या रीतीनं ‘आजा’ म्हणतात. ते मराठी नाहीत. त्यांच्या गावच्या रामायण मंडळीत ते ढोलक वाजवतात, आणि फार वर्षांपूर्वी आमच्या गणपतीत साथीला म्हणून आले ते आमचेच झाले. त्यांचे आजोबा गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीत आले होते. 1879 मध्ये ‘लिओनिदास’ जहाज आलं तेव्हापासून 1916 पर्यंत 60,000हून अधिक माणसं अशी इथं आणली गेली, आधी कलकत्त्याहून आणि पुढे मद्रासहूनही. पाच वर्षं उसाच्या मळ्यात राबायचं. त्यानंतर परतायचं तर स्वतःच्या खर्चानं, आणि दहा वर्षं पुरी झाली की सरकारी खर्चानं. नौसोरीत 1882 साली साखरेची गिरणी सुरू झाली, ती 1959 पर्यंत चालली. आजोबांचे आजा त्या गिरणीला ऊस पुरवणाऱ्या मळ्यात होते. दहा वर्षं भरली तोवर त्यांच्याकडे खंडानं घेतलेला जमिनीचा तुकडा होता, दोन मुलं होती. ते परत गेले नाहीत.

सुवातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गिरमिटियांचे, म्हणजे त्या करारावर आलेल्या माणसांचे, एमिग्रेशन पास जपून ठेवलेले आहेत. आजोबांनी आपल्या आजाच्या पासची प्रत तिथून मिळवली आणि प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली. संमेलनात ते ती खिशातून काढतात आणि उभ्यानं वाचतात. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा बस्ती (उत्तर प्रदेशातला), मग ठाणं, मग गाव, मग उंची, मग अंगावरची खूण. डाव्या भुवईवर व्रण. एवढंच वाचतात, त्यावर भाष्य करत नाहीत. आवाज मुळीच चढवत नाहीत.

मग त्या वर्षी ज्यांचा करार संपतोय त्या घरांतल्या मुलांना ते पुढं बोलावतात आणि पासातल्याच क्रमानं एकेकाला विचारतात: नाव? बापाचं नाव? जिल्हा? ठाणं? गाव? यातली किती तरी मुलं सुवातच जन्मलेली. त्यांना कोल्हापूर म्हणजे सुट्टीत जायचं आजीचं घर, एवढंच ठाऊक. पण त्या रांगेत उभी राहिली की मुलं ताठ होतात आणि मोठ्यानं सांगतात. जिल्हा सिंधुदुर्ग, ठाणं मालवण. जिल्हा सातारा, ठाणं वाई. आजोबा प्रत्येक गावाचं नाव एकदा स्वतः उच्चारतात, चुकलं तर मुलाकडून दुरुस्त करून घेतात, आणि डोक्यावर हात ठेवतात. एका वर्षी साडेचार वर्षांच्या एका मुलीनं गाव विचारल्यावर ‘सुवा’ म्हणून सांगितलं. तिच्या आईनं तिला हळूच कोपरानं ढोसलं, पण आजोबांनी आईला थांबवलं आणि ‘सुवा’ असंच उच्चारून हात ठेवला. मला त्यानंतरचा कार्यक्रम धड दिसला नाही.

त्यानंतर निघणाऱ्या घरातली मोठी माणसं बोलतात. या भाषणांना आम्ही वेळेची मर्यादा घालत नाही, आणि मी असेपर्यंत घालू देणार नाही. बँकेतले एक काका तीन वर्षांत कुठल्याच बैठकीत तोंड उघडून बोलले नव्हते, ते निरोपाच्या दिवशी बाजारातल्या भाजीवालीबद्दल वीस मिनिटं बोलले. त्यांची बायको आजारी असताना ती रोज संध्याकाळी डालोची, म्हणजे इथल्या अळूची, पानं आणि पपई घरी पोचवत होती आणि पैसे घेत नव्हती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते त्या दिवशी तिला हॉलवर घेऊन आले होते. तीही बोलली, तिच्या भाषेत. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या एका मुलानं ते मराठीत सांगितलं, आणि काय छान सांगितलं! तो मुलगा आता ऑकलंडला शिकतो.

शेवटी हॉलचे वॉचमन आणि त्यांच्या चर्चमधली माणसं ‘इसा लेई’ म्हणतात. फिजीत माणूस निघाला की हेच गातात. बायकांचा वरचा स्वर, पुरुषांचा खालचा, वाद्य एकही नाही. आजोबाही त्यांच्याबरोबर गातात, सगळे शब्द त्यांना येतात.

उपस्थितीबद्दल मात्र बोलायला हवं. शाळा सुटली की नांदीहून सिंगापूरमार्गे भारत गाठायची घाई मी समजू शकते. तिकीट चार दिवस आधीचं काढलं तर स्वस्त पडतं, हेही खरं. पण जी घरं सुवातच असतात आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी कोरल कोस्टच्या रिसॉर्टवर जातात, त्यांचं मला दरवर्षी वाईट वाटतं. समुद्र पुढच्या आठवड्यातही तिथंच असतो. एका वर्षी जे घर निघत होतं त्यांच्या निरोपाला पाच घरं आली, आणि आजोबा मात्र भर पावसात, दोन बस बदलून, ढोलक पोत्यात गुंडाळून वेळेवर हजर होते.

आता ज्यांच्या हातांवर हे सगळं चालतं ते. मुख्य बाजारातल्या त्या भाजीवाल्या मारामा, म्हणजे बाई, ज्या आमच्यासाठी केळीची पानं बाजूला ठेवतात. कमिंग स्ट्रीटवरच्या कापडाच्या दुकानातले गुजराती शेठ, जे पडद्यांचं कापड कधीच मोजून देत नाहीत, नेहमी दोन हात जास्तच देतात. खुर्च्या आणणारे टॅक्सीवाले भाई. माइकचा मुलगा, आता त्याचा धाकटा भाऊ. हॉलचे वॉचमन आणि त्यांची पत्नी, जी आदल्या रात्री सगळा हॉल पुसून घेते. चर्चची गायक मंडळी. नौसोरीच्या आजोबांच्या सूनबाई, ज्या डालोच्या पानांचं साइना करून पाठवतात. आपल्या अळूवडीचंच ते सख्खं भावंड, आणि ते पहिल्यांदा संपतं. नारळ खवून देणाऱ्या, सुवाशेजारच्या लामी गावच्या दोघी बहिणी. हॉस्पिटलातल्या डॉक्टरताई, ज्या ड्युटीवरून थेट येऊन वाढायला उभ्या राहतात. वादळाच्या वर्षी जनरेटर देणारे शेजारी. जुने अध्यक्ष, ज्यांनी हिशेबाची वही घालून दिली. आणि ऑकलंड, ब्रिस्बेन, पुणे, नाशिक इथून अजून चकल्यांचे डबे कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवणाऱ्या आपल्याच जुन्या बायका. बसच्या थांब्यावर आजोबांना छत्री धरून उभा राहणारा युनिव्हर्सिटीचा टोंगाचा विद्यार्थीही यात आलाच पाहिजे. ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं त्यांनी मला सांगावं, मी ते हॉलमध्ये मोठ्यानं वाचीन.

संमेलनानंतरचा नाताळ शेजाऱ्यांचा असतो. त्यांच्या अंगणात लोवोसाठी खड्डा खणला जातो. तापलेल्या दगडांवर डालो, कसावा, मासे, कोंबडी ठेवून पानांनी झाकतात, आणि वर माती. आमच्यासाठी शाकाहारी पुडकी वेगळी बांधून, खूण करून ठेवतात. मध्यरात्री चर्चमधली गाणी आमच्या खिडकीतून ऐकू येतात. 31 डिसेंबरला गावागावांत लाली, म्हणजे ते कोरलेल्या लाकडाचे ढोल, वाजतात. भारतापेक्षा आमचं घड्याळ साडेसहा तास पुढं, त्यामुळे पुण्याला फोन लावला की तिकडं अजून संध्याकाळचा चहा चाललेला असतो. जानेवारीत पोरं रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्यानं भिजवतात, अगदी आपल्या रंगपंचमीसारखी.

यंदा तीन घरं निघाली आहेत. दोन पुण्याला, एक डार्विनला. त्यांच्यातली पाच मुलं रांगेत उभी राहतील. त्यांच्या आई-वडिलांनी जिल्हा, तालुका, गाव आधी नीट शिकवून ठेवावं, पण मुलानं स्वतःचं उत्तर दिलं तर टोकू नये. हॉल सकाळी नऊपासून आपला आहे. नारळ खवायला, पानं पुसायला माणसं हवीत, पुरुषांसकट. आजोबांना आता बस झेपत नाही, गुडघे दुखतात. नौसोरीहून त्यांना आणि ढोलकाला आणायला, आणि रात्री परत सोडायला, गाडी कोण काढणार ते मला गुरुवारपर्यंत कळवा.