नऊपैकी नऊ

मिरजेत दवाखान्यात आहे म्हटलं की लोक विचारतात, "कुठल्या डिपार्टमेंटला?" एंडोस्कोपी म्हटलं की विषय बदलतात. खालून नळी घालायच्या खोलीत चौदा वर्षं काढलेल्या बाईशी जेवणाच्या पंगतीत काय बोलायचं, हा त्यांना प्रश्नच असतो.

ही गोष्ट फेब्रुवारीतली. तासगावकडचे एक काका, वय अठ्ठावन्न, बेदाण्याची शेड. संडासवाटे रक्त पडत होतं म्हणून आले होते. मूळव्याध निघाली आणि मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला सहा मिलिमीटरचा एक कोंब, म्हणजे पॉलिप. सरांनी तो तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढला. रिपोर्ट साधा आला. आमच्या भाषेत ही निवांत केस. एरवी दुसऱ्या दिवशी मी विसरलेही असते.

पण त्यांची तयारी! आमच्या खोलीतलं निम्मं काम आदल्या रात्री पेशंटच्या घरच्या संडासात झालेलं असतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. पोट साफ करायच्या पावडरचं पाकीट दोन लिटर पाण्यात कालवायचं, निम्मं रात्री, निम्मं पहाटे. चव म्हणजे लिंबू पिळलेलं खारट पाणी, ते पण कोमट झालेलं. पाच-सहा ग्लासांनंतर माणसं रडकुंडीला येतात आणि उरलेलं मोरीत ओततात. मग आम्हाला पडद्यावर पिवळं पाणी, टोमॅटोच्या बिया आणि शेंगदाण्याची टरफलं दिसतात. सांगलीकडचा पेशंट आणि आदल्या दिवशी भडंग खाल्लं नाही असं होतच नाही. विचारलं की म्हणणार, "मूठभरच ओ." त्या मूठभरातलं एक टरफल ओढून घेताना नळीचं सक्शन तुंबलं की सर माझ्यावर ओरडतात. भडंग मी खाल्लेलं असल्यासारखे.

म्हणून मी पेशंटला बाटलीच मागवून घेते. कोल्ड्रिंकची दोन लिटरची. तिच्यावर निळ्या मार्करने पाव-पाव लिटरवर रेघा मारून देते. रेघ दिसली की माणूस पितो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. काकांच्या बाटलीवरही मीच आठ रेघा मारल्या होत्या.

आतडं किती स्वच्छ आहे याला मार्क असतात. उजवा भाग, मधला, डावा, प्रत्येकाला शून्य ते तीन. सहा आले तरी आम्ही खूश. काकांचे नऊपैकी नऊ. गुलाबी, चकचकीत, आतल्या बारीक रक्तवाहिन्यासुद्धा नकाशासारख्या दिसत होत्या. काका गुंगीत होते, पण डोळे उघडे, पडद्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काका, बघा तरी, काचेसारखं आतडं आहे तुमचं. असंच ठेवा."

काका तीनदा परत आले.

आठव्या दिवशी पहिल्यांदा. "सिस्टर, नळी घातल्याधरनं पोटाचं काय खरं न्हाई बगा. गुबारा धरतोय, आन् परसाकडंला पाच-पाच येळा." तपासणीत आतड्यात हवा भरावी लागते. ती एखाद्या दिवसात निघून जाते, आठ दिवस राहत नाही. आमच्याकडे अजून साधी हवाच भरतात. कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो, पोट लवकर उतरतं. त्या मशीनचं कोटेशन तीन वर्षं ऑफिसात धूळ खातंय, आणि ऑफिसातल्या कुणाला कधी नळी घालावी लागलेली नाही, त्यामुळे घाई कुणालाच नाही. असो. ओपीडीतल्या डॉक्टरांनी ताप नाही, पोट मऊ आहे, रक्त नाही बघून चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

पंधराव्या दिवशी दुसऱ्यांदा, सोबत मुलगा. मुलगा तापलेला. "नळी नीट धुतलेली नव्हती का?"

हे मला लागलं. नळी बाहेर आली की पेशंट टेबलावर असतानाच ती पुसून एन्झाइमचं पाणी ओढून घ्यायचं. मग हवा भरून पाण्यात बुडवायची, कुठून बुडबुडा येतो का बघायचं, कारण एक भोक पडलं तर दुरुस्ती लाखात. मग प्रत्येक वाहिनीतून ब्रश, पुढून घालून मागून स्वच्छ निघेपर्यंत. मग जंतुनाशकात घड्याळ लावून, मग शुद्ध पाणी, स्पिरिट, हवा, आणि कपाटात उभी टांगायची. गुंडाळून ठेवली की आत ओल राहते. आमच्या वॉर्डबॉय मामांना हे सगळं पाठ आहे, पण दुपारी दीडनंतरच्या नळीवर मी स्वतः उभी राहते, कारण दीड वाजता मामांचं लक्ष डब्यात असतं. मी रजिस्टर काढून मुलापुढे ठेवलं. नळीचा नंबर, वेळ, सही. सगळं चोख. मुलगा गप्प झाला. मला बरं वाटलं.

आता वाटतं, त्या दिवशी मी नळीची वकिली करत बसले. काकांना काही विचारलंच नाही.

पुढे गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, त्याने तोंड कडू झालं आणि जुलाब वाढले. शौचाची तपासणी, रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. वजन सहा किलोंनी उतरलं. मार्च म्हणजे बेदाण्याचा ऐन हंगाम. द्राक्षं डिपिंगच्या द्रावणातून काढून जाळीवर पसरायची, मजूर सांभाळायचे, आणि शेडवर संडास नाही. काकांनी शेडमागच्या ओढ्याजवळ पत्र्याचा आडोसा करून घेतला होता. हे त्यांनी मला सहज सांगितलं, जसं कुणी नवीन रॅक बसवल्याचं सांगावं.

सदतिसाव्या दिवशी तिसऱ्यांदा आले. सरांची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसलेले. गोळी घ्यायला पिशवीतून बाटली काढली. तीच दोन लिटरची. झाकण उघडलं आणि वास आला. लिंबू आणि मीठ. तो वास मी झोपेतही ओळखेन. आत पाणीच होतं, पण प्लॅस्टिकला वास धरलेला. आणि रेघा. माझ्या रेघा निळ्या होत्या. त्या पुसट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर काळ्या मार्करने, बेदाण्याच्या बॉक्सवर नाव घालतात तसल्या, कुणीतरी नव्याने रेघा ओढल्या होत्या.

"काका, ही बाटली अजून वापरताय?"

"म्हंजे काय, तिसऱ्या दिशी लागतीयाच की."

दर तिसऱ्या दिवशी एक पाकीट. सून रात्री कालवून फ्रिजमध्ये ठेवायची. मेडिकलवाल्याने कधी विचारलं नाही. बद्धकोष्ठालाही हेच औषध कमी मात्रेत देतात, त्यामुळे त्यालाही वावगं वाटलं नसणार. आणि आमच्या लोकांचा "पोट साफ" या दोन शब्दांवर जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नसेल.

"पण कशाला, काका?"

"तुम्हीच म्हटला न्हाई का, काचंगत आतडं हाय, असंच ठेवा. आमच्या जाळ्यांचंबी तसंच. माल काढला की धुऊनच ठेवायच्या, न्हाईतर बुरशी धरती."

तीनही वेळा ओपीडीत त्यांना विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. त्यांनी नाही सांगितलं. खोटं नव्हतं ते. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, धुणं होतं.

एक गोष्ट मला अजून सुटत नाही. गुंगीच्या इंजेक्शननंतर माणसाला सांगितलेलं आठवत नाही, म्हणून सूचना नातेवाइकांना द्यायच्या असतात. त्या दिवशी मुलगा बिलाच्या रांगेत होता. दोन दिवस शौचाला झाली नाही तरी घाबरू नका, रक्त पडलं किंवा पोट जोरात दुखलं तर लगेच या, हे सगळं मी काकांनाच सांगितलं आणि ते सगळं पुसलं गेलं. राहिलं ते एकच वाक्य.

सर पोटभर हसले. शनिवारच्या मीटिंगमध्ये ही केस सांगितली, तेव्हा सगळेच हसले. केसपेपरवर लिहिलं, पेशंटने स्वतःहून पावडर चालू ठेवली. मी काय बोलले होते ते मी सरांना सांगितलं नाही. काकाही बोलले नाहीत.

पावडर बंद केल्यावर चार दिवसांत जुलाब थांबले. पण पोट पूर्ण बसलं नाही. सर म्हणतात, धुण्याने आतले चांगले जंतूही वाहून जातात, एरवी काही आठवड्यांत परत येतात. इथे महिनाभर दर तिसऱ्या दिवशी धुतलं, वर अँटिबायोटिक. काहींचं आतडं अशा वेळी हळवं होतं, साध्या गॅसनेही दुखतं. की ते आधीपासूनच हळवं होतं आणि आता लक्ष गेलं? याचं उत्तर सरांकडेही नाही.

मी त्यांना वही घालायला लावली. बेदाण्याच्या वजनाचीच वही, मागच्या पानांवरून. काय खाल्लं, गुबारा किती. वहीतून दोन गोष्टी निघाल्या. दिवसातून सात वेळा दुधाचा चहा. आणि शेडवर गोडी बघायला तोंडात टाकलेले बेदाणे, दिवसभरात दोन-तीन मुठी. बेदाण्यातली साखर अशा पोटात आंबते आणि गॅस धरतो. चहा दोनवर आला, बेदाणे बंद झाले, दुपारी ज्वारीची भाकरी आणि ताक, रात्री लवकर आणि थोडं. मे महिन्यात दोन किलो वजन परत आलं.

परवा वही घेऊन आले. सोमवार, मंगळवार, बुधवार निरंक. गुरुवारी जत्रेतलं भडंग. शुक्रवारी "गुबारा लई." मी म्हटलं, भडंगाने होणारच, दोन दिवसांत उतरेल. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. मागच्या बाकावरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकले.

"सिस्टर, एक डाव पावडर घेऊ का? निम्मीच."

मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक. ते "बरं बरं" म्हणत गेले.

बाटली त्यांच्याकडेच आहे.