इंडक्शन असेल तर एपिड्युरल कधी घ्यायचं

माझ्या मावसबहिणीला पुढच्या आठवड्यात बेळगावात ॲडमिट व्हायचंय, प्रेग्नन्सीत शुगर निघाली म्हणून डॉक्टर कळा यायची वाट न बघता औषध देऊन सुरू करणारेत. खानापूरहून रोज फोन, "ताई, ते पाठीतलं इंजेक्शन घेतलं तर कधी घेऊ ग, लवकर घेतलं की सिझर होतंय म्हणायलेत सगळी." माझं पण इंडक्शनच, म्हणजे असं औषध देऊन कळा सुरू करणं, झालेलं आणि एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं थांबवायचं ते पाठीतलं इंजेक्शन, मी घेतलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, तिच्यासारख्या अजून असतील.

पहिलं ते सिझरचं. पूर्वी डॉक्टरसुद्धा सांगायचे की पिशवीचं तोंड चार-पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत थांबा, नाहीतर कळा मंदावतात आणि सिझर करावं लागतं. त्यावर शिकागोत मोठा अभ्यास झाला, 2005 साली छापून आला, पहिलटकरणींमध्ये लवकर देणं आणि उशिरा देणं याची तुलना केली, सिझरचं प्रमाण काही वाढलं नाही. 2009 मध्ये त्याच लोकांनी खास इंडक्शनवाल्या बायकांवर केला, तिथंही तेच. आता बाईनं मागितलं आणि वैद्यकीय अडचण नसेल तर तेवढं कारण पुरे असं धरतात. म्हणजे "अजून तीनच आहे, चार होऊ दे" या एकाच कारणासाठी कुणी थांबवत असेल तर डॉक्टरला सरळ विचारायचं, सेंटीमीटर सोडून दुसरं काही कारण आहे का म्हणून.

पण लवकर घेता येतं म्हणजे लवकरच घ्यायला पाहिजे असंही नाही, आणि इंडक्शनमध्ये हे समजून घ्यायला पाहिजे. ॲडमिट झाल्या झाल्या काही कळा सुरू होत नाहीत. आधी तोंड मऊ व्हायला जेल ठेवतात नाहीतर गोळी देतात, कुठं फुग्याची नळी घालतात, आणि ह्यातच कितीतरी तास जातात, कधी रात्र जाते. ह्या वेळात पाळीसारखं दुखतं, मधेच ओटीपोट आवळतं, पण चालता येतं, खाता येतं (डॉक्टर हो म्हणाले तर), झोप पण लागते. मी हा सगळा वेळ कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, आईशी गप्पा मारल्या. एकदा एपिड्युरल लागलं की आपल्याकडं बहुतेक ठिकाणी पलंगावरून उतरू देत नाहीत, पाय जड होतात, लघवीला नळी घालतात. म्हणून हा पहिला टप्पा मोकळं राहून काढलेला बरा असं माझं मत. कुणाला यातच असह्य झालं तर गोष्ट वेगळी, तिनं मागावं.

खरा फरक पडतो ड्रिप लावल्यावर. सलाईनमधून ऑक्सिटोसिन सोडतात आणि दर अर्ध्या तासानं वाढवत नेतात, दहा मिनिटात तीन-चार कळा येईपर्यंत. आपोआप आलेल्या कळा पुष्कळदा हळूहळू चढतात, इथं मात्र मधली विश्रांती पटकन कमी होत जाते. आणि पाणी फोडलं की अजून जोर येतो, मला तर त्यानंतर दोन कळांच्या मधे धड बोलता येईना. मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं की पाणी कधी फोडणार, आणि त्याच्या आसपासच भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगितलेलं. माझ्या मते इंडक्शनवाल्या बाईनं सेंटीमीटरपेक्षा ह्या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं, ड्रिप कधी लागली आणि पाणी कधी फोडणार.

कारण मागितलं आणि लगेच मिळालं असं होत नाही. आपल्याकडं बऱ्याच नर्सिंग होममध्ये भूल देणारे डॉक्टर चोवीस तास बसून नसतात, फोन केल्यावर येतात, ते दुसरीकडं सिझरला उभे असले तर ते संपवूनच येणार. आल्यावर नळी बसवायला वेळ, औषध दिल्यावर पूर्ण असर व्हायला दहा-वीस मिनिटं. तेव्हा "सहन होईल तेवढं करते, मग सांगते" हा हिशोब इथं जमत नाही, सहन होतंय तोवरच सांगायचं. ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा, रात्री पण मिळतं का, रविवारी मिळतं का, किती वेळात येतात, खर्च पॅकेजमध्ये धरलाय का वेगळा. प्लेटलेटचा रिपोर्ट हाताशी ठेवा, प्लेटलेट फार कमी असतील तर देत नाहीत. रक्त पातळ व्हायचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी घेतलं ते सांगायलाच पाहिजे. संमतीचा फॉर्म पण कळा वाढायच्या आधी वाचून सही करा, आमचा कन्नड आणि इंग्रजीत होता, नवऱ्यानं निवांत वाचून समजावला.

देतानाचं सांगते, कारण भीती तिथंच असते. पलंगाच्या कडेला बसवतात, उशी पोटाशी धरून हनुवटी छातीला लावून पाठ बाहेर काढायची. सिस्टर माझे खांदे धरून म्हणत होत्या, "स्वल्प बग्गरी अक्का, अलुगाडबेडरी," म्हणजे थोडं वाका ताई, हलू नका, आणि कळ आली की डॉक्टर हात थांबवायचे, गेली की परत सुरू. आधी कातडी बधीर करायची सुई टोचते, मग नुसता दाब लागतो. सुई काढून घेतात, बारीक नळी तेवढी पाठीला चिकटवलेली राहते, त्यातून लागेल तसं औषध देता येतं. सुरुवातीला सारखं बीपी बघतात कारण ते उतरू शकतं, माझं उतरलं होतं, कुशीवर वळवून सलाईन वाढवलं आणि आलं जाग्यावर. दुखायचं थांबलं तरी कळ आलेली कळत होती, पोट कडक व्हायचं, खाली दाब यायचा. मी तेव्हा झोपले, आणि त्या झोपेमुळंच पुढं जोर काढायला अंगात ताकद राहिली असं मला मनापासून वाटतं.

तोटे पण आहेत, ते लपवून उपयोग नाही. जोर काढायचा टप्पा थोडा लांबतो. काहींना ताप येतो. साधारण शंभरात एकीला नंतर डोकं फार दुखतं, उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं, तसं झालं तर घरी अंगावर काढायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं, त्याला उपचार आहे. पाठ कायमची जाते हे मात्र खरं नाही. आमच्या आत्या पण सुरुवातीला हेच म्हणायच्या, "आमच्या येळला कुठं होतं हे, पुढं पाठ धरतीया बघ," त्यांना डॉक्टरांनीच समजावलं की टोचलेल्या जागी थोडे दिवस दुखतं, पण वर्षानुवर्षाची पाठदुखी त्यामुळं येत नाही. मग लेबर रूमच्या दारात आत्याच माझ्या नवऱ्याला म्हणायल्या, "विचार की रे, आला का तो भूलवाला डॉक्टर."

आणि न घेता होत असेल तर घेऊच नका, ड्रिपवर सुद्धा काहीजणी निभावतात. फक्त घ्यायचं की नाही हे ज्या बाईला कळा यायलेत तिनं ठरवायचं, आणि घरच्यांनी तिच्यासाठी डॉक्टर वेळेत येतोय का ते बघायचं.